दुपारचा नापास वर्ग

सोलापुरात प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणारी एक जुनी संस्था आहे. तिचा मोठा वाढदिवस आला आणि त्या दिवशी मंचावरून तिचा इतिहास रंगवून सांगायचं काम माझ्याकडे आलं. याला माझी विद्वत्ता कारण नव्हती. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. तिथं कुणाचाही निरोप समारंभ असला की माईक माझ्या हातात येतो, आणि आला की सहजासहजी परत जात नाही. हौशी नाटकांत मी एकदा राणी झाले, एकदा चेटकीण, आणि उरलेली सगळी वर्षं कुणाची ना कुणाची सासू. संस्थेचे अध्यक्ष मला फोनवर म्हणाले, "तुमचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो असं ऐकलंय. माईक ऐनवेळी बंद पडला तर अडचण नको."

मी लगेच माणसं गाठायला निघाले. संस्था काढणाऱ्या तिघांच्या घरी गेले. तिन्ही घरांत मला एकच गोष्ट कळली, ती अशी की संस्था त्यांच्याच आजोबांनी काढली आणि बाकीचे दोघे चहाला यायचे. त्यातून जे हाती लागलं ते एवढं, की गिरणीची पाळी सुटल्यावर काही मास्तर आणि एक डॉक्टर कंदील लावून कामगारांना शिकवायला बसायचे. डॉक्टर आधी डोळे तपासायचे, कारण अक्षर डोक्यात शिरत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते मुळात दिसतच नव्हतं. संस्थेच्या हॉलमध्ये मात्र चार फोटो आहेत. चौथे गृहस्थ कोण, हे कुणालाच सांगता आलं नाही. दर वर्षी हार त्यांनाही पडतो. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "फ्रेम चांगली हाय, म्हणून ठेवलंय."

मला सगळ्यात आवडला तो त्या लोकांचा एक नियम. जो पास होईल त्यानं स्वतःचा वर्ग काढायचा, आणि जागा व पाट्या संस्थेनं द्यायच्या. मग काय, गावभर वर्ग निघाले. कुणी देवळाच्या कट्ट्यावर शिकवायचा, कुणी तालमीत. एक न्हावी तर गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून समोरच्या आरशावर बोटानं अक्षर काढायचा. ओळखलं नाही तर वस्तरा थांबायचा. ही गोष्ट खरी की रचलेली ते मी मुद्दाम तपासलं नाही.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मूळचे बार्शीचे. सज्जन माणूस. खिशात दोन पेनं, एक स्वतःला आणि एक मागणाऱ्याला. माझी टिपणं ऐकून ते खूश झाले आणि जाता जाता म्हणाले, "सगळं सांगा. फक्त पूर्व भागातल्या दुपारच्या महिला वर्गाचा विषय काढू नका."

आता असं मला सांगायचं असतं का?

"का हो सर?"

"तो वर्ग नापास होतो."

"कोण नापास होतं त्यातलं?"

"वर्ग नापास होतो. अख्खा."

"कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. या माणसाची शाळा कधी निकालात मागं पडली नव्हती, त्यामुळे ते दुःख घरातल्या दुखण्यासारखं सांगत होते. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, संस्थेची वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथं विड्या वळणाऱ्या बायकांचा वर्ग भरतो. शिकवायला पाठवलेल्या बाई केव्हाच लग्न होऊन गेल्या, तरी बायका रोज येतात, सुपं घेऊन बसतात आणि विड्या वळतात. परीक्षेला न चुकता बसतात आणि कोरा कागद देऊन येतात. जिन्यात पाटी लावली आहे की शैक्षणिक संस्थेत तंबाखू आणायला मनाई आहे. सरांनी एकदा त्या पाटीकडे बोट दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "सर, आमाला वाचायला कुटं येतंय?"

कार्यकारिणीनं आता ठरवलं होतं की वाढदिवसानंतर वर्ग बंद करायचा आणि खोलीत मुलींसाठी अभ्यासिका काढायची. त्या वस्तीत घरोघर यंत्रमाग खडखडतात, मुलींनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा कुठं? सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

"आणि समजा या वेळी पास झाल्या तर?" मी विचारलं. परीक्षा वाढदिवसाच्या आधीच होती.

"तर वर्गाचं काम झालं. मग बंदच."

पास झालात तरी बंद, नापास झालात तरी बंद. असा पेच मी नाटकातसुद्धा पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी तिकडे गेले. जिना चढताना वरून आवाज येत होता. स्वच्छ, सावकाश, बाईचा. एक पाटलीण विहिरीच्या कडेला उभी आहे आणि मागून कुणाची तरी सावली येते आहे. मला वाटलं रेडिओ लावलाय. दारात जाऊन पाहते तर साठीच्या एक बाई भिंतीला टेकून जुना दिवाळी अंक वाचत होत्या, आणि भोवती बायका मांडीवर सुपं घेऊन खाली मान घालून विड्या वळत होत्या. पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. बोटं इतकी झरझर चालत होती की ती त्यांचीच आहेत का, अशी शंका यावी. वाचणारीचं सूप रिकामं ठेवलेलं होतं आणि प्रत्येक जण आपल्या काही विड्या वळून झाल्या की एखादी त्यात टाकत होती.

माझी चाहूल लागताच वाचन थांबलं. बाईंनी अंक हळूच उलटा केला.

"काय वाचताय?" मी म्हणाले.

"कुटं वाचतोय? चित्रं बगतोय."

"उलटी?"

"आमाला काय, सुलटी काय नि उलटी काय, सारखीच की."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी आयुष्यात वाईट अभिनय पुष्कळ पाहिला आहे, थोडाफार केलाही आहे. पण एवढ्या सगळ्या बायका एकाच वेळी, एकाच ठेक्यात, इतका वाईट अभिनय करताना पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आवरेना. मी चपला काढल्या, आत जाऊन बसले आणि म्हणाले, "त्या पाटलिणीच्या मागं कोण होतं, एवढं सांगा. मग जाते."

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी एक ठेंगणी बाई, वाचणारीची धाकटी जाऊ, म्हणाली, "दीर असंल. मी मगाधरनं सांगतेय, दीरच हाय त्यो. पण अक्का पुढं वाचंल तर ना."

अक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं की बाकीच्यांनी बोटं जरा जास्तच जोरात चालवली.

मग मी म्हणाले, मी वाचू का? कार्यकारिणीशी माझा संबंध नाही, मी फक्त बोलणारी बाई आहे, हेही सांगितलं. अक्कांनी अंक दिला. मी पाठ सरळ केली आणि सुरू झाले. पाटलिणीला मी हुंदका दिला, सावलीला पावलं दिली, विहिरीलाही थोडा आवाज दिला. अर्धं पान झालं असेल, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "ताई, रडून वाचू नका. रडायचंच असंल तर आमी रडू. तुमी निस्तं वाचा."

इतकी नेमकी समीक्षा मला आजवर कुणी दिली नव्हती. मी निमूटपणे नुसतं वाचलं. सावली दिराची नव्हती, नणंदेची होती. जावेनं ते मनाला लावून घेतलं.

त्यानंतर मी तिथं जायला लागले. पहिले काही दिवस त्या माझ्याकडून नुसतं वाचून घेत. मग हळूहळू एकेक जण वाचायला लागली, आणि कळलं की वाचता सगळ्यांनाच येतं. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, वाचायला मराठी. गोष्ट संपली की वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिराती वाचायच्या. "गोरी, सडपातळ, नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष," जाऊ वाचायची आणि म्हणायची, "म्हंजे चौघीजणी पायजेत ह्याला." परीक्षेत कोरा कागद देणाऱ्या याच. मला राहवेना. एक दिवस सरळ विचारलं.

अक्का त्या वेळी वळत होत्या. न थांबता म्हणाल्या, "माजी सासू पास झाली होती."

सासूची तुकडी म्हणजे या वर्गाची पहिली तुकडी. सगळ्या पास झाल्या. प्रमाणपत्रं मिळाली, नारळ मिळाले, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या सुपं घेऊन आल्या तर दारात मास्तर उभे. तुमचं शिक्षण पूर्ण झालं, आता नव्यांना बसू द्या, म्हणाले. मास्तरांच्या दृष्टीनं ते कौतुकच होतं. त्या बायका सुपं घेऊन परत फिरल्या आणि मग आयुष्यभर आपापल्या घरात, मागाच्या खडखडाटात, एकेकट्या विड्या वळत बसल्या.

"मी नवीन नवरी आले तेव्हा सासूनं मला हितं धाडलं. म्हणाली, वाचायला शिक, लिहायला शिकू नको. लिहिलं की घालवतात."

"आणि तुम्ही शिकलाच नाहीत?"

"कशाला शिकू? मला हितंच बसायचं होतं की."

गावातली शहाणी माणसं वर्षानुवर्षं डोकं खाजवत होती की या बायकांना अक्षर का येत नाही, आणि इथं सुना आपल्या सासूचा वसा पाळत होत्या. मोठ्या मेहनतीनं नापास होत होत्या.

पण आता मला सरांनी सांगितलेलं त्यांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं. हात चालूच राहिले.

"घरी काय हाय," अक्का मग म्हणाल्या. "दोन माग हायत. पोरगा चिंचोळीला कंपनीत जातो, नातवंडं शाळेत. दिवसभर धडधड, धडधड. माणसाचा शब्द म्हणून कानावर पडत न्हाई. हितं तीन तास पडतो. त्यो गेला तर गेला." आणि थोड्या वेळानं, "अभ्यासिका काय वाईट न्हाई. माजी नातच बसंल की तितं. पण ती सकाळ-संध्याकाळ बसंल. दुपारी तर कालेजात असते."

हे अर्थात कार्यकारिणीला सुचलं नव्हतं. पण दुपारसाठी वर्ग हवा, आणि वर्गाला शिक्षिका हवी. बाहेरून शिक्षिका आली की ती शिकवणार, शिकवलं की बायका पास होणार, पास झाल्या की जाणार. फिरून तेच. मी विषय बदलावा म्हणून त्यांना न्हाव्याची गोष्ट सांगितली. आरसा, साबण, वस्तरा. सगळ्या हसल्या. जाऊ हसली नाही.

"त्यो न्हावी मास्तर कसा काय झाला?" तिनं विचारलं.

"नियम होता ना. जो पास होईल त्यानं आपला वर्ग काढायचा. जागा संस्था देणार."

"होता का हाय?"

मी माझी टिपणं आठवून पाहिली. तो कुणी रद्द केल्याचं मी कुठंही ऐकलं नव्हतं.

"म्हंजे एकीनं पास व्हायचं," जाऊ म्हणाली, "आन् बाकीच्यांनी न्हाई व्हायचं. एक बाई, बाकीच्या ढ. वर्ग झाला की."

कोण पास होणार यावर त्या दुपारी जे भांडण झालं ते मी तिकीट काढून पाहिलं असतं. प्रत्येकीचं म्हणणं एकच, मी नको, आणि हिला तर मुळीच नको. ही बाई झाली तर डोक्यावर बसेल. ती झाली तर तिची सून गावभर सांगत फिरेल. शेवटी सगळ्यांना चालेल असं एकच माणूस उरलं.

"मला न्हाई येत," अक्का म्हणाल्या.

"वाचतीस तर सगळ्यांच्या वरताण."

"वाचणं येगळं. हात येगळा." आणि मग हळू आवाजात, "मी नापास झाले तर खोली जाईल. मग तुमीच म्हणाल, अक्कामुळं गेली."

"म्हणू की," जाऊ म्हणाली. "आन् पास झालीस तर जिन्यातला बोर्ड बी वाचावा लागंल तुला. सगळंच अवगड हाय."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी पाटी घेतली. मी पेन्सिल धरून दिली. अक्षरं त्यांना सगळी ओळखू येत होती, पण हातातून निघेनात. पेन्सिल त्या विडीसारखी बोटांत फिरवायच्या. 'क' काढला की त्यालाच हसायच्या, कारण तो कसा दिसायला हवा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खरा त्रास तोच होता. नवशिक्याला आपली चूक दिसत नाही, यांना प्रत्येक चूक दिसायची. दोन दिवसांनी त्यांनी पाटी बाजूला सारली.

मग कुणीतरी सुपातली तंबाखू हातानं सारखी केली आणि म्हणाली, "हितं काढ." जुन्या काळी पोरं धुळीत अक्षरं काढायची, तसं अक्कांनी बोटानं तंबाखूत 'क' काढला. बोटाला तंबाखूची सवय होती. 'क' उभा राहिला. मग 'म', मग 'ल'. तेवढ्यात जाऊ पुढं वाकून पाहायला आली आणि अशी शिंकली की अख्खी बाराखडी उडाली. पाठोपाठ सगळ्या शिंकायला लागल्या. त्या दिवशी अभ्यास तेवढाच झाला, पण हात सुटला. तंबाखूतून पाटीवर, पाटीवरून कागदावर, असं करत अक्का परीक्षेपर्यंत आल्या.

परीक्षा महापालिकेच्या शाळेत होती. मी फाटकाशी उभी होते. एकेक जण कोरा कागद देऊन बाहेर आली. जाऊ जरा उशिरा आली, चेहरा पडलेला.

"मी एक गणित केलं," ती म्हणाली.

"का?"

"सोपं होतं. राहवलं न्हाई."

"मग चुकीचं तरी करायचं."

"हात वळंना ओ."

अक्का सगळ्यात शेवटी आल्या. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्या रागावलेल्या होत्या. "उतारा दिला होता," म्हणाल्या. "एक म्हातारा बाजाराला निघतो, वाटेत पाऊस लागतो, आन् संपलं. पुढं काय झालं काय लिहिलंच न्हाई. त्या परीक्षावाल्या बाईला इचारलं तर तिला बी माहीत न्हाई. अशी अर्धी गोष्ट कुणी छापतं का?"

"पण अक्का, लिहिलं का तुम्ही?"

"लिहिलं. म्हशीच्या शिंगावानी अक्षर आलंय. बगू."

निकालापर्यंत वर्गात कुणी गोष्ट लावली नाही. जाहिरातींवरसुद्धा कुणी बोलेना. अक्का नुसत्या वळत बसायच्या. मीही तिथं जाऊन गप्प बसले, आणि मला ओळखणारी माणसं सांगतील की हे किती मोठं प्रकरण आहे.

अक्का पास झाल्या. जाऊ गणित बरोबर येऊनही नापास झाली.

सरांचा आनंद काय सांगू. तो वर्ग पास झाला नव्हता, पण निदान एक तरी दिवा लागला होता. वाढदिवसाच्या दिवशी माझा इतिहास संपल्यावर त्यांनी अक्कांना मंचावर बोलावलं, शाल घातली, प्रमाणपत्र दिलं, आणि दोन शब्द बोला म्हणाले. अक्कांनी माईकपासून हातभर लांब उभं राहून सांगितलं, "मी पास झाले. नियमाप्रमाणं मला वर्ग काढायचा हाय. दुपारचा. सकाळ-संध्याकाळ पोरींना बसू द्या."

इतिहासात मी तो नियम नुकताच चांगला रंगवून सांगितला होता. न्हावी, आरसा, वस्तरा, सगळं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आता तो मोडायचा तर मंचावरच मोडावा लागणार होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हॉलमधल्या त्या चार फोटोंकडे पाहिलं.

"शिकणाऱ्या कुठं आहेत?" सरांनी विचारलं.

अक्कांनी पहिल्या रांगेकडे हात केला. नव्या साड्या नेसून सगळ्या ओळीनं बसल्या होत्या.

"ह्याच?"

"व्हय. लई ढ हायत, सर. वेळ लागंल."

"किती?"

अक्कांनी रांगेवरून नजर फिरवली. जाऊ शक्य तेवढी मठ्ठ दिसायचा प्रयत्न करत होती. "मी हाय तवर तरी लागंल," अक्का म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकलेला माणूस होता तो. मग त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढलं, अक्कांच्या हातात दिलं आणि सभेला सांगितलं की दुपारचा महिला वर्ग पूर्ववत सुरू राहील. नंतर चहाला मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "यातलं काही मला कळलेलं नाही, असं तुम्ही धरून चला."

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा भिंतीला टेकून जाऊ वाचत होती. अडखळत, मधेच स्वतःची मतं घालत. अक्का तिच्यासमोर सूप घेऊन बसल्या होत्या. बाई झाल्यापासून त्या दुसऱ्यांना वाचायला लावत होत्या, कारण शिक्षिकेचं कामच ते, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणाल्या, "इतकी वरसं मीच वाचत होते ताई. बसून ऐकलं कदी न्हाई." त्यांची बोटं चालू होती आणि डोळे मिटलेले होते.

जाऊ पान उलटताना थांबली. "अक्का, झोपली का गं?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "पुढं वाच."